चुंबकाची टोपी आणि इतर पुरावे

४ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. खारूच्या उपचारांचं प्रकरण मी स्वतःच्या हातात घेतलं आहे आणि अशा कामात नोंद हवी. बायकोला अजून सांगितलेलं नाही. कळेलच.

खारू म्हणजे माझी मुलगी. साडेपाच वर्षांची. कुठलीही वस्तू दोन्ही हातांत धरून नाकाशी नेते आणि फिरवत बसते, अगदी खारीसारखी, म्हणून खारू. बोलत नाही. हाक मारली तर वळत नाही, पण दोन खोल्या पलीकडे बिस्किटाचा पुडा उघडला तर हजर. ऑटिझम आहे, असं मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हापासून स्पीच थेरपी चालू आहे. म्हणजे बायको घेऊन जाते आणि घेऊन येते. पुढे काय होतं, याची कोणी चौकशीच केलेली नाही.

चौकशी हा माझा धंदा आहे. विमा कंपनीत मी दावे तपासतो. जळालेली दुकानं, बुडालेले ट्रक, लग्न ठरल्याबरोबर चोरीला गेलेले दागिने. खोटं मला वासानं कळतं. ऑफिसात मला शंकासुर म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला माहीत आहे, कारण मी लक्ष ठेवतो.

६ फेब्रुवारी

थेरपीच्या ठिकाणी अचानक भेट दिली. आधी न कळवता जाणं महत्त्वाचं.

बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. साबणाचे फुगे उडवत होत्या. एक फुगा उडवायच्या, थांबायच्या, आणि खारूनं त्यांच्याकडे पाहिलं की पुढचा उडवायच्या. खारू फुग्याकडे बघणार नाही तर कुठे बघणार? संपूर्ण तास हेच.

नंतर मी त्यांना प्रश्न विचारले. ही बोलायला कधी लागेल? म्हणाल्या, बघूया. पण लागेल ना नक्की? तेही बघूया. मधल्या काळात नेमकी काय प्रगती होणार, ते लेखी द्याल का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, मुलांचं लेखी नसतं.

ज्याला काम येतं तो हमी देतो. ही बाई हमी द्यायला तयार नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. यापुढे नोंदीत त्यांचं नाव ‘बघूया बाई’. साबणाच्या फुग्यांच्या कंपनीशी त्यांचा काही संबंध आहे का, ते पाहणे.

१३ फेब्रुवारी

आज गादीवाल्याचा दावा नामंजूर केला. दुकान जळलं खरं, पण गाद्या आदल्या दिवशीच मेहुण्याच्या गोडाऊनमध्ये फिरायला गेल्या होत्या. मी एका पिसावरून पकडलं.

जाताना त्यानं टेबलावरचा खारूचा फोटो पाहिला आणि थांबला. सगळं विचारलं. म्हणाला, त्याचा भाचा अगदी असाच होता, आता शाळेत भाषण करतो. एका केंद्राचा पत्ता दिला.

आता हा माणूस खोटारडा आहे, हे मीच सिद्ध केलं आहे. पण पत्ता देण्यात त्याचा फायदा काय? फायदा नसतो तिथे माणूस खरं बोलतो. हा माझा जुना नियम.

१७ फेब्रुवारी

केंद्र पाहून आलो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर, पहिला मजला. नाव लहरी केंद्र. मेंदूतल्या लहरी दुरुस्त करतात. चालवणाऱ्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. पांढरा कोट. पदवी भिंतीवर इतक्या उंच टांगली आहे की वाचता येत नाही. म्हणजे माणसाला मिरवायची हौस नाही.

मी त्यांना सोडलं नाही. थेट विचारलं, उपचार लागू पडतोय हे ओळखायचं कसं? सर म्हणाले, मूल सुधारलं तर उपचार लागू पडला. मूल बिघडलं तर आतला दोष बाहेर पडतोय. काहीच झालं नाही तर आत काम चालू आहे.

मी चाट. तिन्ही बाजूंनी पक्कं. इतका भक्कम दावा मला नोकरीत एकदाही पाहायला मिळालेला नाही.

शिवाय हमी. सहा महिन्यांत बोलणार. ‘बघूया’ हा शब्द त्यांच्या तोंडी एकदाही आला नाही. मी मोजत होतो.

एक टोपी दिली. अस्तरात चुंबकं शिवलेली आहेत.

१९ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. ती म्हणाली की डॉक्टरीणबाईंना आधी विचारू. डॉक्टरीणबाई काय सांगणार? त्यांचं दुकान वेगळं. मी म्हटलं, मी शास्त्रीय पद्धतीनं तपासणार आहे. रोज खारूला तीन गोष्टींत दहापैकी मार्क द्यायचे: शांतता, नजर आणि हाकेला प्रतिसाद. बायकोनं विचारलं, मार्क कोण देणार? मी. मग टोपी चालते असं कोणाला वाटतं? मला. मग झालंच की, म्हणाली.

तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही.

२० फेब्रुवारी, सकाळी

टोपी घातली. खारूनं फेकली. घातली. फेकली. घातली. तिनं ती घेऊन कपाटामागे टाकली. शांतता २, नजर ०. पण हा दोष बाहेर पडतोय.

नाश्त्याच्या वेळी एक चमचा आपोआप टोपीला जाऊन चिकटला. शक्ती आहे, हे सिद्ध.

१ मार्च

प्रगती. टोपी आता अर्धा तास राहते. शांतता ६, नजर ४. काल मी हाक मारल्यावर तिनं खांदा हलवला.

एक शंका: चमचा टोपीला चिकटेनासा झाला आहे. लगेच सरांना फोन. म्हणाले, शक्ती टोपीतून मेंदूत उतरली. तर्कशुद्ध आहे. चमचा खारूच्या डोक्याला लावून पाहिला, चिकटला नाही. पण मेंदू आत असतो.

१२ मार्च

शांतता ८. आलेख काढला आहे. रेघ सारखी वर जातेय. बायकोला दाखवला.

तिनं तो नीट पाहिला. मग स्वयंपाकघरातून एक डबी आणून माझ्यासमोर ठेवली. आत चुंबकं. सगळी. टोपी जड होऊन खारूचे कान दुखत होते, म्हणून तिनं गेल्या महिन्यातच अस्तर उसवून ती काढली होती. म्हणाली, चमचा चिकटायचा बंद झाला तेव्हा तुला काहीच वाटलं नाही?

म्हणजे माझ्या घरात पुराव्यात फेरफार झाला आणि मला कोणी सांगितलंही नाही.

रेघ तरीही वर गेली, याचा अर्थ एकच. इतके दिवस चुंबकांच्या सहवासात राहून कापडालाच गुण लागला असणार. बायकोला समजावून सांगितलं. ती भांडी घासायला निघून गेली. भांडी आधीच घासलेली होती.

२२ मार्च

सरांनी दुसरा टप्पा सुरू केला. गहू बंद, दूध बंद. दोष पोटातून मेंदूत जातो.

अडचण अशी की खारू मोजून चारच गोष्टी खाते. कोरडा टोस्ट, बिस्किट, कोमट दूध आणि केळं. पहिल्या तीन बाद. आज तिनं केळं अर्धं खाल्लं आणि रिकाम्या कपाकडे बघत बसली. कप दोन्ही हातांत फिरवला. मग माझा हात धरून मला फ्रिजपाशी नेलं आणि माझा हात दारावर ठेवला.

मी खंबीर राहिलो. उपचार म्हणजे काही गंमत नाही.

३० मार्च

घरात बिस्किटाचा चुरा सापडला. सोफ्याच्या फटीत. कोणीतरी फितूर आहे.

संशयित: बायको, शेजारीण, सासूबाई. बायकोवर दोन दिवस नजर ठेवली. शेजारीण परगावी. सासूबाई मात्र हल्ली दुपारच्या येतात आणि येताना पर्स छातीशी धरलेली असते.

आज अर्धी रजा टाकून घरी आलो आणि पडद्यामागे उभा राहिलो. सासूबाई आल्या, बसल्या, पर्स उघडली, आणि पडद्याकडे न बघताच म्हणाल्या, “जावईबापू, बाहेर या, धूळ आहे तिथे. मीच देते तिला. पोर वाळलंय.”

आरोपीनं इतक्या सरळ कबुली दिल्यावर चौकशीत काही मजा उरत नाही.

३ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी खारूचं वजन केलं. उतरलंय. माझ्याशी फार शांतपणे बोलल्या, म्हणजे रागावल्या होत्या. म्हणाल्या, अशा मुलांचं खाणं आधीच मोजकं असतं, त्यातलं काढून घेण्याआधी विचारायचं. या टोपीचा, या पथ्याचा उपयोग होतो याला धड पुरावा नाही. पुरावा म्हणजे एकाचा भाचा नव्हे. पुष्कळ मुलं घ्यायची, काहींना उपचार द्यायचा, काहींना नाही, आणि कोणाला काय दिलं हे न कळू देता दुसऱ्यानंच मार्क द्यायचे.

मी सगळं ऐकून घेतलं. नोंद: सरांनी आधीच सांगितलं होतं की डॉक्टर लोक विरोध करतील. तंतोतंत तसंच झालं. सरांचा आणखी एक अंदाज खरा.

तरी टोस्ट आणि दूध पुन्हा सुरू केलं. बायकोनं मला विचारलंच नाही. खारूनं तीन टोस्ट खाल्ले आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

१५ एप्रिल

तिसरा टप्पा. थेंब. सकाळी आणि संध्याकाळी, केळ्यात कालवून. पूर्णपणे नैसर्गिक.

बाटलीवर लेबल नव्हतं. माझ्या नजरेतून असं काही सुटत नाही. विचारलं. सर म्हणाले, लेबल लावलं की मोठ्या कंपन्या फॉर्म्युला चोरतात. पटलं. चोरी हा माझाच विषय.

बायकोला मुद्दाम सांगितलं नाही. कोणाला काय दिलं हे कळू द्यायचं नसतं, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या.

१९ एप्रिल

चमत्कार. शांतता १०. खारू किंचाळली नाही, धावली नाही, नळ सोडून उभी राहिली नाही. सोफ्यावर नुसती बसून होती. जेवताना मान माझ्या दंडावर टेकवली. कित्येक महिन्यांत अशी टेकवली नव्हती. मी हात न हलवता तसाच बसून राहिलो. हाताला मुंग्या आल्या, तरी.

बायको म्हणाली, ही आजारी पडतेय का? काही लोकांना चांगलं बघवत नाही.

२४ एप्रिल

सरांनी विनंती केली की माझा अनुभव कॅमेऱ्यासमोर सांगावा. सामान्य पालक बोलतात, पण चौकशी अधिकारी बोलला की वजन पडतं. कोट-टाय घालून गेलो. म्हणालो, मी रोज खोटं पकडतो. इथे मी सगळं तपासलं. मला कोणी फसवू शकत नाही.

एका टेकमध्ये झालं. सर म्हणाले, नैसर्गिक आहात.

२ मे

खारू पडली. बागेतल्या झोक्यावर बसल्या बसल्या झोप लागली, दोरी सुटली, हनुवटीवर आपटली. टाके पडले. टाके घालतानासुद्धा जागी झाली नाही. हे बरं झालं असं मी म्हणालो. डॉक्टर म्हणाले, नाही, हे बरं नाही. आणि विचारलं की हिला काय काय देता.

बायको म्हणाली, काहीच नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बाटली गाडीतच होती.

५ मे

तपासणीचा निकाल आला. थेंबांत झोपेचं औषध आहे. मोठ्या माणसाचं.

त्या लॅबची विश्वासार्हता तपासली पाहिजे असं मी म्हणायला गेलो. बायको खारूच्या खाटेजवळ उभी होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, “तू दिवसभर जगाला पकडत हिंडतोस. घरात कोणाला तरी पकडायला हवं होतं ना?”

मी म्हटलं, खरं तर मी त्या केंद्राचा आतून तपास करत होतो.

तिनं खारूचं पांघरूण सारखं केलं.

६ मे

लिहिण्यासारखं काही नाही.

९ मे

खारू घरी आली. आज सकाळी किंचाळली, नळ सोडला, पाणी पॅसेजपर्यंत आलं. बायको ओल्या फरशीवर बसून रडली आणि हसली. मी पोछा मारला.

१४ मे

लहरी केंद्रावर धाड. म्हणजे मी एकटाच गेलो, पण पूर्ण तयारीनं. निकालाची प्रत, फोटो, मुद्दे पाठ.

आत गर्दी. बसायला जागा नाही. भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता आणि त्यावर कोट-टायमधला एक गृहस्थ बोलत होता. मी रोज खोटं पकडतो, म्हणत होता. आवाज चांगला होता.

समोरच्या खुर्चीत एक बाई, मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी. बाईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “तुम्हीच ना ते? आमचा कशावरच विश्वास बसत नव्हता. तुम्ही तपासलंय म्हणून आलो.” त्यांच्या हातात बिनलेबलची बाटली होती.

मी खालच्या आवाजात सांगितलं, हे थेंब देऊ नका, यात झोपेचं औषध आहे. निकाल दाखवला. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. असं बघणं मला चांगलं ओळखीचं आहे. मीच असा बघतो. मग विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलंय का?

तेवढ्यात सर बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले की मोठ्या कंपन्या चांगल्या चांगल्या माणसांना फोडतात, वाईट वाटतं. बाईंनी मुलीला उचललं आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसल्या. मी आणखी दोनदा सांगितलं. माझं बोलणं टीव्हीच्या आवाजात जात होतं. टीव्हीवरचा मी त्यांना जास्त खरा वाटला.

जिन्यात बसलो थोडा वेळ.

१५ मे

आरोग्य खात्याकडे तक्रार. डॉक्टरीणबाईंनी निकाल जोडून दिला, सही केली. ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होतो.

२८ मे

खात्यातून फोन. केंद्रातल्या बाटल्या ताब्यात घेतल्या, दाराला सील लागलं. साहेबांनी एक विचारलं: जाहिरातीतले तक्रारदाराशी साम्य असलेले गृहस्थ आपले कोणी नातेवाईक आहेत का?

म्हटलं, मीच. त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा लिहून घेतलं. मग म्हणाले, जबाब द्यायला या.

चौकशीच्या टेबलाची दुसरी बाजू. खुर्ची डगमगते त्या बाजूची.

३ जून

आणखी एक उलगडा. बघूया बाईंकडची थेरपी मी फेब्रुवारीतच बंद केली होती, अशी माझी समजूत. बायकोनं एकही मंगळवार चुकवलेला नाही. मला ‘आईकडे जाते’ म्हणायची. सासूबाई सामील. इतके महिने, माझ्या नाकाखाली.

तिला विचारलं, हे मला कळलं कसं नाही? म्हणाली, तू कधी विचारलंस, खारूचा दिवस कसा गेला?

मुद्दा सोडून बोलणं झालं हे.

१९ जून, दुपारी

आज बघूया बाईंनी मला बोलावलं. फक्त बसायचं आहे, म्हणाल्या. जमिनीवर बसायचं, बोलायचं नाही, ती आली तर येईल. किती वेळ? बघूया.

खोलीत एक चित्रांची पाटी आहे. कार्डं चिकटवलेली: पाणी, केळं, फुगे, आई. खारूला काही हवं असलं की ते कार्ड काढून बाईंच्या हातात देते. एक कार्ड, एक गोष्ट. असं बरेच दिवस चाललंय. माझाही फोटो त्यांत आहे. अजून कधी काढलेला नाही, असं बायको म्हणाली. सहज म्हणाली.

मी बसलो. काही वेळ बोललो नाही. खारू एक लाकडी चाक फिरवत होती. मला वाटलं, एवढं तरी विचारावं, म्हणून विचारलं, खारू, हे काय आहे? चाक. म्हण, चाक. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मी थांबलो. मग चाक ती उलटं फिरवतेय असं दिसलं, म्हणून सरळ करून दिलं. तिनं पुन्हा उलटं केलं. मी पुन्हा सरळ केलं. म्हण, चाक.

खारू उठली. पाटीपाशी गेली. एक कार्ड काढलं. थांबली. सगळ्या कार्डांवरून बोट फिरवलं आणि दुसरं काढलं. दोन्ही शेजारी शेजारी पाटीखालच्या रिकाम्या पट्टीवर चिकटवली आणि बाईंची बाही ओढली.

पहिलं कार्ड: माझा फोटो. दुसरं: उघडं दार.

बाईंनी दोन्ही कार्डांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, “दोन कार्डं. पहिल्यांदाच.” बायकोनं तोंडावर हात धरला. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते, पण रडत नव्हती, निदान नुसती रडत नव्हती.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तिनं आज वाक्य केलंय. आता ते ऐकायला हवं ना?”

म्हणून मी बाहेर पॅसेजमध्ये आहे. खुर्ची लहान मुलांची, गुडघे हनुवटीशी येतात. इथे बसून लिहितोय.

एक शक्यता तपासून पाहिली. हे वाक्य तिला कोणी पढवून ठेवलेलं असू शकतं. योगायोगही असू शकतो. खात्री करायला आत्ताच दार जरासं उघडून डोकावलो.

खारूनं मान वर केली. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि बघतच राहिली. इतका वेळ तिनं माझ्याकडे कधीच पाहिलेलं नाही. मग उठून आली आणि खांदा लावून दार घट्ट बंद केलं.

संशयाला जागा नाही.